नाराणनं मागितलेला सिलिंडर

नाराणला मी शेवटचा भेटलो तो हर्सूलला, त्याच्या घरी. आजारानं पार वाळला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग भिंतीकडे बघत त्यानं विचारलंच, "सुभ्या, त्या सिलिंडरचा काही तपास लागला का रे?" मी म्हणालो, भंगारात गेला तो, कितीदा सांगू. "व्हय, सांगितलं तू," तो म्हणाला. "एकदा मोजायला भेटला असता तर..." त्याच आठवड्यात त्याच्या मेव्हण्याचा फोन आला, नाराण गेला. मी फोन ठेवला तेव्हा तो मोटारसायकलचा सिलिंडर माझ्या गॅरेजात, टेबलाखाली, गोणपाटात गुंडाळलेला होता. इतकी वर्षं तिथेच होता.

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. नाराण खुलताबादकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. उस्ताद त्याला चिडवायचे, मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा सिलिंडरमधून हात फिरवतो म्हणून. तो शांतपणे म्हणायचा, "तसाच फिरवावा लागतो उस्ताद. कुठं झिजलंय ते कळतं." पुढे मी गॅरेज टाकलं, त्यानं जवळच बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कातायचं मशीन घेतलं. मोटारसायकल धूर ओकायला लागली की आम्ही मेकॅनिक लोक सिलिंडर उतरवून त्याच्याकडे न्यायचो. वापरून वापरून सिलिंडर आतून गोल राहत नाही, लंबगोल होतो. नाराण आधी नखानं वरची कड चाचपायचा, मग सुईचा मापाचा गेज आत सोडून वर, मधे, खाली, उभं आणि आडवं मोजायचा. नवा पिस्टन हातात आल्याशिवाय मात्र मशीन सुरू करायचा नाही. एकाच साइजचे दोन पिस्टनही केसभर वेगळे असतात, तापल्यावर कमीजास्त फुगतात. म्हणून तो सिलिंडर कातायचा तो त्या एका पिस्टनपुरता. काम झालं की पिस्टन कागदात गुंडाळून त्याच सिलिंडरमध्ये ठेवायचा आणि वरून सुतळी बांधायचा. "जोडी मोडायची नाय," एवढंच सांगायचा.

ती मी मोडली. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आल्या होत्या. एकीला कंपनीचा पिस्टन, दुसरीला स्वस्तातला. स्वस्तातला जास्त फुगतो, म्हणून नाराणनं त्याच्या सिलिंडरला जास्त जागा ठेवली होती. मी दोन्हींच्या सुतळ्या सोडल्या, चारही वस्तू एकाच परातीत रॉकेलनं धुतल्या आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसवल्या. स्वस्तातला पिस्टन गेला कंपनीच्या पिस्टनसाठी कातलेल्या सिलिंडरमध्ये.

खुलताबादच्या घाटात ती गाडी जाम झाली. मागचं चाक धरलं, आणि गाडी चालवणारा दूधवाला पडला. मनगट मोडलं. संध्याकाळी इंजिन खोललं, पिस्टनवरचा छाप बघितला आणि मला सगळं कळलं. दूधवाल्याचे भाऊ समोरच उभे होते. मी म्हणालो, "सिलिंडरचा बोअर टाइट झालाय. बोअरिंगवाल्याचं काम आहे." माझं गॅरेज नवं होतं, नाराणचं नाव जुनं. वाटलं, त्याच्या नावाला एवढं पचेल.

नाराण भांडला नाही. दवाखान्यात गेला आणि त्या माणसापुढे हात जोडून म्हणाला, "दादा, काही तरी चुकलं असंल माझं." मी त्याच्या मागेच उभा होतो. परत येताना त्यानं तो सिलिंडर मागितला. म्हणाला, "किती चुकलो ते तरी कळू दे." मोजला असता तर आपण चुकलोच नाही हे त्याला लगेच कळलं असतं. म्हणूनच मी दिला नाही.

या प्रकारानं तुटलेली नाराणची गिऱ्हाइकं काय, महिन्या-दोन महिन्यांत परत आली. नाराणचा हात मात्र परत आला नाही. मोजलेलंच पुन्हा मोजायचा. मला बोलावून घ्यायचा, "तू बघ रे जरा, मला भरवसा येईना." मी गेज धरायचो, बरोबर आहे म्हणायचो. तो मान हलवायचा आणि पुन्हा मोजायला घ्यायचा. कामं तुंबली, मेकॅनिक दुसरीकडे जाऊ लागले. शेवटी त्यानं मशीन विकलं आणि वेरूळला पार्किंगच्या पावत्या फाडायला लागला. तिथे भेटलो तर हसून म्हणाला, "इथं बरं हाय. पावतीला माप लागत नाय." मीही हसलो... एक वाक्य होतं माझ्याकडे. तेवढ्यानं त्याला त्याचा हात परत मिळाला असता. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो असंही नाही. सांगायचंच नव्हतं मला.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याचा गेज माझ्या हातात दिला. तुमच्या कामाचा आहे, त्यांचा तुमच्यावर लई जीव होता, म्हणाल्या. गॅरेजात येऊन मी गोणपाट सोडलं, गंज पुसला. वरच्या अंगाला ओरखडे होते, पण खाली, जिथे पिस्टनच्या रिंगा पोहोचत नाहीत तिथे, नाराणनं कातलेलं जसंच्या तसं होतं. गेज आत सोडला. उभं मोजलं, आडवं मोजलं. कंपनीच्या पिस्टनला हवं तेच माप. सुई जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना जाऊन सगळं सांगितलं. त्या निवडत असलेले तांदूळ निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगता भाऊजी? मी काय मोजणार आहे?"

सिलिंडर आता टेबलाखाली नाही, वरच ठेवला आहे. परवा त्याला सुतळी बांधायला घेतली. पण आत ठेवायचा त्याचा पिस्टन दुसऱ्या गाडीत गेला, आणि ती गाडी कुणी कधी मोडीत काढली, कोण जाणे. सुतळी तशीच बाजूला पडून आहे.