मामाच्या खांद्याला तुंबड्या

माझा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता, हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? शर्ट घालताना आधी उजवी बाही चढवायची, मग डावी, ही युक्ती मी शोधून काढली होती. कपाटाच्या वरच्या फळीवरच्या वस्तू हळूहळू खालच्या फळीवर आल्या होत्या. बसमध्ये मी डाव्या हाताने लोंबकळायचो. चेन्नईत नुंगंबाक्कमला केंद्र सरकारच्या एका कचेरीत मी फायली सरकवतो, आणि फायली काही कुणी कानाच्या वर ठेवत नाही.

पण भाचीचं लग्न ठरलं आणि मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. ताई तिला घेऊन चेन्नईला माझ्याकडे आली, इथल्या एका शाळेत शिकवायला लागली, आणि तेव्हापासून आम्ही तिघं एकत्र राहतो. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात अडचण कुणाचीच नव्हती. मुलगी आता सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मराठीत सुरू केलेलं वाक्य तमिळमध्ये संपवते, आणि नवराही तिने तमिळच शोधला. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बोलणी करायला मुलाकडची मंडळी घरी आली, तेव्हा मुलाच्या आईने माझ्याकडे बघून विचारलं, "मुलीचे मामा हेच ना? आमच्यात लग्नात मामाचं काम मोठं असतं."

मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्यातही असतं. मामाचं जे काही असेल ते सगळं मी करणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

आमच्यात मामाने काय करायचं असतं? मुलीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं. उभं राहायला काय ताकद लागते? अठ्ठावीस वर्षं चेन्नईत काढूनही मला इथली लग्नं फक्त आदल्या संध्याकाळच्या रिसेप्शनपुरती माहीत. मुहूर्त सकाळी सहाचा नाहीतर सातचा. कोण जातं? कचेरीतली सगळी माणसं संध्याकाळी जाऊन, आहेर देऊन, जेवून घरी येतात. मीही तेच करत आलो. सकाळी मांडवात काय चालतं ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर भाचीने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात माळा घालायच्या वेळी नवरीचा मामा नवरीला उचलून खांद्यावर घेतो, नवऱ्याचा मामा नवऱ्याला घेतो, आणि ती दोघं वरच्या वर एकमेकांच्या गळ्यात माळ टाकतात. समोरची माळ येऊ लागली की मामाने मागे पळायचं. सगळा मांडव हसतोय, आणि तो बिचारा मामा घामाने निथळतोय.

"तुझं वजन किती?" मी विचारलं.

"छप्पन. साडी आणि दागिने धरून साठ."

ताई म्हणाली, "सांगून टाक, जमणार नाही म्हणून. त्यांच्याकडचा एखादा भाऊ उचलेल तिला."

माझं डोकंच फिरलं. इथे आल्यावर पहिले दोन महिने ही पोर शाळेत जायला तयार नव्हती. नऊ वर्षांची घोडी, पण मी तिला खांद्यावर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत न्यायचो. लोक हसायचे, तर हसू देत. आता लग्नाच्या दिवशी तिला कुणी परका उचलणार? तिला वडील नाहीत. त्या मांडवात तिच्या बाजूने उभा राहणारा घरचा पुरुष मी एकटाच. तिथे माझा खांदा कमी पडला असता, तर ते मला जन्मभर लागून राहिलं असतं. मी ताईला म्हणालो, मीच उचलणार, आणि ताकद बघायला म्हणून स्वयंपाकघरातलं तांदळाचं पोतं उचलायला गेलो. पोतं जागचं हललं नाही. माझ्या तोंडून मात्र असा आवाज निघाला की खालच्या मजल्यावरचे वर आले.

दोन वर्षं झाकलेलं त्या दिवशी उघडं पडलं. शनिवारी सकाळी भाची मला एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. कॉफी पावडरच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं क्लिनिक. मला बाकावर बसवून भाची आत गेली आणि त्या बाईंशी दहा मिनिटं तमिळमध्ये बोलली. माझं तमिळ कचेरीपुरतं आणि भाजीवाल्यापुरतं. इतक्या वेगाचं मला झेपत नाही.

बाई कसल्या, भाचीपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी मुलगी. तिने माझा हात धरून वर नेला. नाकापर्यंत गेला आणि अडला.

"वलि?" तिने विचारलं, म्हणजे दुखतंय का.

"कोंजम," मी म्हणालो. कोंजम म्हणजे थोडंसं. पुरुषमाणसाने दुसरं काय म्हणायचं? तिने आणखी दोन बोटं वर दाबला, आणि मला माहीत असलेलं सगळं तमिळ संपलं.

मग तिने मला भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी भिंत चढत जायचं, मुंगीसारखं. जिथे बोटं थांबली तिथे तिने पेन्सिलने रेघ मारली. माझी रेघ माझ्या नाकाच्या उंचीवर. तिच्यावर कुणाकुणाच्या रेघा होत्या, एक तर पार ट्यूबलाइटपाशी.

नंतर तिने मला पालथं झोपवलं आणि खांद्यावर, पाठीवर प्लास्टिकचे पेले लावून हातपंपाने त्यातली हवा ओढून घेतली. कातडी आत खेचली गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, अरे, या तर तुंबड्या. आमच्या गावचा न्हावी शिंगाच्या लावायचा, आजोबा सांगायचे. ज्या गोष्टीला आम्ही अडाणीपणा म्हणून नावं ठेवली, ती वातानुकूलित खोलीत कपिंग होऊन आली होती.

"अंकल, ही जादू नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "कपमुळे स्नायू जरा सैल वाटतात, दुखणं थोडा वेळ कमी होतं. तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. व्यायाम केला नाही, तर नुसते कप लावून काही होणार नाही."

मी यातला पहिला अर्धा भाग ऐकला.

घरी आल्यावर ताईने माझी पाठ बघितली. आठ वाटोळे जांभळे डाग, अनारसे मांडून ठेवल्यासारखे. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," ती म्हणाली, आणि आपल्याच म्हणीवर संध्याकाळपर्यंत हसत राहिली. न्हाव्याचं ठीक आहे हो, पण भिंत मी होतो.

पुढचे सहा आठवडे नुसता वैताग. रोज सकाळी टॉवेल पाठीमागे धरून वर-खाली ओढायचा, काठी दोन्ही हातांनी उचलायची, वाकून हात लंबकासारखा हलवायचा, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. कचेरीत प्रत्येकाकडे उपाय तयार. तंजावरकडचा एक सहकारी, ज्याचं मराठी माझ्या पणजोबांच्या काळातलं, तो कसलंसं हिरवं तेल घेऊन आला आणि माझ्या टेबलावर सांडून गेला. दुसऱ्याने उशी बदलायला सांगितली, तिसऱ्याने भात सोडायला. पांढऱ्या शर्टातून डाग दिसले तेव्हा एक बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सर, घरी सगळं ठीक आहे ना?" आता यांना काय सांगू, कपाळ?

मी व्यायामात चोरी केली, हेही सांगून टाकतो. घरी टॉवेल नुसता खांद्यावर टाकून पेपर वाचायचो. क्लिनिकमध्ये भिंत चढताना टाचा उचलायचो, म्हणजे रेघ वर जाते. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या हाताकडे बघायचं सोडून माझ्या पायांकडेच बघत उभी राहिली. "अंकल, उंच तुम्ही होताय, हात नाही." मी भाचीएवढ्या मुलीपुढे टाचा टेकल्या. त्या दिवसापासून मात्र मुकाट्याने सगळं केलं. रेघ नाकावरून कपाळावर आली, कपाळावरून केसांपाशी.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा मी म्हणालो, आज जरा जास्तच कप लाव, खांदा मोकळा होऊ दे.

"डाग आठवडाभर राहतील, अंकल."

"राहू देत. सदऱ्याखाली कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं आणि लावले. उठताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आता उचलीन ना मी साठ किलो?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "दहासुद्धा खांद्यावर घ्यायचे नाहीत. सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात जाईल."

माझा असा संताप झाला की विचारू नका. मग हे सहा आठवडे मी कशासाठी पालथा पडलो होतो? भिंतीवर मुंगीसारखा कशासाठी चढलो? "हे पहिल्या दिवशी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाही," ती शांतपणे म्हणाली.

घरी मी कुणाला काही बोललो नाही. मनाशी ठरवलं, हात तुटला तरी बेहत्तर, एक मिनिट उचलायचं. नंतर पडू दे तुटून.

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेपाचला मी रेशमी सदरा घालून मांडवात हजर. गुरुजींनी माझ्याकडे बघून बोटाने खूण केली, सदरा काढा. सगळ्या पुरुषांच्या कमरेला वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, आणि खांद्यावर नुसतं उपरणं. सकाळची लग्नं न बघितल्याचा हा दुसरा प्रसाद. सदरा काढला. बारा डाग, अगदी ताजे. मुलाच्या मामाने बघितलं, त्याच्या बायकोने बघितलं. मुलाच्या आजीने तर एका डागावर बोट ठेवून ताईला विचारलं, हे काय आहे. ताई बाजूला तोंड फिरवून पदराने डोळे पुसत होती. ती रडत नव्हती, मला चांगलं माहीत आहे.

माळांची वेळ आली. मुलाला त्याच्या मामाने आणि दोन भावांनी मिळून उचललं आणि तो वर गेला, पंख्यापाशी. बाजूचे सगळे ओरडायला लागले. व्हिडिओतल्या मामासारखी पाठ ताठ ठेवून मी गुडघ्यात वाकलो.

"चढ," मी भाचीला म्हणालो.

"मामा, सरळ उभा राहा."

"चढ म्हणतो ना. लोक बघतायत."

"बघू देत. मी नाही चढणार." तिने मला दंडाला धरून उभं केलं आणि माळेचं एक टोक माझ्या उजव्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या हातात ठेवलं. "आता हात वर घे."

वाद घालायला वेळ नव्हता. समोर तो मुलगा मागे झुकून हसत होता आणि त्याचे भाऊ त्याला आणखी वर नेत होते. मी हात उचलला. नाकापाशी आला. कपाळापाशी आला. नेहमीची जागा आली, तिथे एक कळ लागली आणि मागे पडली. हात कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, सरळ झाला. भाचीने माझ्या बरोबरीने उडी मारली आणि माळ त्या मुलाच्या गळ्यात पडली. मांडवात एकच गलका झाला.

मी तिच्यावर भडकलो. "चढायचं नव्हतं तर आधी सांगायला काय झालं होतं? सहा आठवडे त्या पोरीने माझी चाळण केली."

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी तिला," भाची म्हणाली. "ती म्हणाली, उचलायचं विसरा, पण हात वर जाईल. दोन वर्षं बघत होते मी, मामा, तू शर्ट कसा घालतोस ते. माझ्या लग्नाचं कारण नसतं तर तिच्याकडे गेला असतास तू?"

"नसतो गेलो," मी म्हणालो.

"मग?"

तिने माझं मनगट धरलं आणि माझा हात सावकाश खाली आणला. तो अजून वरच होता.