शालीत सापडलेली खसखस

नोकरीत हाताळलेल्या कितीतरी गुन्ह्यांची कलमंसुद्धा मी आता विसरलो आहे. पण ज्यात गुन्हाच दाखल झाला नाही, असं श्रीरामपूरचं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. एका दुपारी ठाणे अंमलदाराने एक फोन माझ्याकडे जोडून दिला. पलीकडे वयस्कर बाई होती. "साहेब, आमच्या हितली नर्स पोरगी आज परदेशी निघालीय. तिच्या बॅगेत कायतरी हाय. गाडी निघायच्या आत बघा. माझं नाव इचारू नका." पत्ता सांगून तिने फोन ठेवला.

कुणी परदेशी निघालं की असे फोन येतात. बहुतेक खोटे असतात, कुणाच्या तरी पोटदुखीतून केलेले. तरीही खबर ती खबर. महिला हवालदाराला घेऊन मी निघालो.

घर चर्चच्या मागे होतं. नातेवाईक जमले होते, मुंबईची गाडी संध्याकाळी निघणार होती. जाणारी मुलगी घरातली थोरली. आई लहानपणीच वारलेली, काकूने वाढवलेली. काकूची स्वतःची मुलगी तिच्याहून वर्षभराने धाकटी. दोघी एकत्रच नर्स झाल्या. आखाती देशातल्या एका हॉस्पिटलसाठी दोघींनी मुलाखत दिली आणि निवड झाली एकट्या थोरलीची. घरात जो तो थोरलीचं कौतुक करत होता. धाकटी चहा देत फिरत होती. हसत होती, पण थोरलीच्या नव्या कोटाकडे कुणी बोट दाखवलं की तिचं हसणं थांबत होतं.

थोरलीने स्वतःहून बॅग उघडून दिली. पापड, लोणचं, गणवेश, बूट. तळाशी घडी केलेली शाल होती आणि शालीच्या आत एक पुडी. हवालदार बाई हसल्या. "साहेब, खसखस आहे."

माझाही जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, "ठेवा परत."

"परत नको, साहेब!" थोरली पांढरीफटक पडली होती. "तिकडे ही अमली पदार्थात धरतात. विमानतळावर सापडली की थेट तुरुंग. आम्हाला बजावून सांगितलंय. मी ठेवलेली नाही ही."

"बॅग कोणी भरली?"

"मी आणि हिने." तिने धाकटीकडे बोट दाखवलं.

चौकशीत माणसं वेगळी करायची, हा साधा नियम. मी धाकटीला आतल्या खोलीत बसवलं, हवालदार बाई सोबत होत्या. पोरगी शांत होती.

"मसाल्यांबरोबर आली असेल चुकून."

"मसाले डब्यात आहेत. ही शालीत होती."

"गडबडीत झालं असेल."

"खसखस तिकडे चालत नाही, हे तुला माहीत होतं?"

"नाही. मला कसं माहीत असणार?"

एका शब्दात उत्तर संपत असताना माणूस वर आणखी एक प्रश्न जोडतो, तेव्हा मी थांबतो. मी थोरलीला आत बोलावलं. "तिकडच्या नियमांची माहिती तुला कोणी दिली?"

"परदेशी नोकरी लावणाऱ्या एजन्सीचा वर्ग होता साहेब, निवडीच्या आधी. सगळ्या उमेदवारांना." बोलता बोलता तिने बहिणीकडे पाहिलं. "तू माझ्या शेजारीच बसली होतीस गं."

धाकटीने मान खाली घातली. तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला. "सांग आता. तुला शाल उलगडताना मी पाहिलंय. इचारलं तर अंगावर आलीस, बॅगेला हात लावू दिला न्हाईस. साहेब, फोन मीच केला. एवढ्या माणसांत पोटच्या पोरीचं नाव कसं घ्यायचं? आन न्हाई घेतलं तर हिचं काय?"

"बघितलंस ना ताई?" धाकटी एकदम उसळली. "आताही तिला तुझीच काळजी. मांडीवर तू, शाळेत तू, पाहुण्यांसमोर तू. मार्क मला जास्त होते. तू विमानात बसणार, फोटो पाठवणार, आणि मी इथे त्याच वॉर्डात तुझी चौकशी ऐकत राहणार. तुला तुरुंगात टाकावं असं मला वाटत नव्हतं." ती थांबली. "नाही, वाटत होतं. पुडी ठेवताना वाटत होतं."

थोरलीने तक्रार द्यायला नकार दिला. तिने सगळी बॅग खाटेवर रिकामी केली, अस्तर चाचपलं आणि एकटीने पुन्हा भरली. काकूंनाही हात लावू दिला नाही. निघताना काकूंच्या गळ्यात पडून रडली, धाकटीकडे मात्र पाहिलं नाही.

आपल्या कायद्यात खसखस स्वयंपाकघरातली वस्तू. गुन्हा कसला नोंदवणार? धाकटीला समज दिली, स्टेशन डायरीला नोंद घेतली.

तेव्हापासून परदेशी निघालेला कुणीही भेटला की मी सांगतो, तिथला कायदा आधी विचारून घ्या. आपल्याकडचं साधं औषध, साधा मसाला तिथे गुन्हा ठरू शकतो. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवा, आपल्या दूतावासाचा नंबर जवळ असू द्या. कुणाचं पार्सल नेऊ नका. आणि बॅग स्वतः भरा, स्वतः बंद करा. हे सांगितलं की लोक म्हणतात, "साहेब, घरचीच माणसं आहेत." मी मनात म्हणतो, परक्याला तुमच्या शालीची घडी कुठे माहीत असते? आणि परक्याला तुमच्या जाण्याने एवढं दुखतही नाही.

थोरली तिकडे नीट आहे, नाताळला तिचा मेसेज येतो. निवृत्तीनंतर माझं ऑपरेशन झालं, तेव्हा वॉर्डात धाकटी ड्यूटीवर होती. तिने मला ओळखलं. सलाईन लावताना हात अगदी स्थिर होता.

"ताईचा मेसेज येतो ना तुम्हाला?" तिने विचारलं. "मला येत नाही. बरी आहे ना?"

"बरी आहे. बढती मिळाली तिला."

तिने नळीतले थेंब नीट केले. "अजून जळतं, साहेब. खोटं कशाला बोलू?" मग माझं पांघरूण सारखं करून ती पुढच्या पेशंटकडे गेली.