बाई कुणापाशी थकायची

शेजारणीचा फोन आला तेव्हा मी भाजी घेत होतो. "तुमची बाई गेली हो…" एवढंच ती बोलली, आणि मला वाटलं, घाबरून चुकीचं बोलतेय, भाऊजी गेले असतील. अंथरुणाला खिळलेले तर ते. बाई, म्हणजे माझी थोरली बहीण, चांगली हिंडतीफिरती. पण गेली तीच. कणीक मळता मळता कलंडली, ती उठलीच नाही.

भाऊजी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होते. लकवा मारला, नोकरी सुटली, क्वार्टर सुटलं, आणि दोघं नागपुरात दोन खोल्यांत येऊन राहिली. मूलबाळ नाही. भाऊजींना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, सगळं बाई एकटी करायची; वर पोटासाठी लोकांचे डबे. मी म्हणायचो, "एखादा माणूस ठेव वं बाई." तर म्हणे, "काहून? मले काय झालं? तूच वाळून राहिला गा!"

संध्याकाळी मात्र ती कोणाला थारा देत नसे. आतल्या खोलीत देवापुढे दिवा लावला की दार लोटून घ्यायची. एवढं काय बोलतेस त्याच्याशी, म्हणून मी चिडवायचो. "तुमच्या चहाड्या लावाच्या असतात," म्हणून हसायची. भाऊजींचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. बहिरा आहे तुझा देव, असं ते जड जिभेनं म्हणायचे, आणि ती त्यांच्या तोंडात पुढचा घास घालायची.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मी भाऊजींपाशी राहायला आलो. आठवडाभरात माझी कंबर बसली. तेव्हापासून एकच गोष्ट जिवाला खाते… इतक्या वर्षांत बाईनं "थकली" हा शब्द माझ्यापाशी काढला नाही. कुणापाशी तरी काढला असेल का? की सगळं तसंच पोटात घेऊन गेली बिचारी? आता विचारायचं तरी कोणाला?

परवा दिवेलागणीला भाऊजी म्हणाले, "वसंता, ते दार उघड. पलंग फिरव. देव दिसला पाह्यजे."

मी चाटच पडलो. म्हटलं, "भाऊजी, पाय देवाकडे होतात तुमचे."

"होऊ दे. तिचेही होत." ते दम खायला थांबले. "दाराच्या फटीतून मले दिसे सारं. दिवा लावे, भिंतीले टेके, अन् पाय लांब करे, सरळ त्याच्याकडं. म्हणे, थकली रे बाप्पा, आता जरा तू पाह्य… रोज म्हणे. मंग उठून मले जेवू घाले."

मी उठून ते दार उघडलं.

"माझं सारं तीच सांगे त्याले," भाऊजी म्हणाले. "आता मलेच सांगा लागन."

मी पलंग फिरवला. मग त्यांच्या पायथ्याशी बसलो, आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.