अठरावी सही

लवू परब शुऐबाच्या कारखान्यांत परांच्या बांधतो. वय चौपन्न, त्यातली तेवीस वर्षं कुवेतमध्ये. गाव वेंगुर्ल्याजवळ, इथं राहायला फहाहीलला, कंपनीच्या खोलीत, आणखी तिघांबरोबर. आयुष्यात त्यानं फुटबॉलला पाय लावलेला नाही. तरी आमच्या ‘किनारा’ संघाचा एकही सामना गेल्या चौदा वर्षांत लवूशिवाय सुरू झालेला नाही, कारण सामन्याआधीचं गाऱ्हाणं तोच घालतो.

आमच्याकडे कुठलंही काम मांडलं की आधी देवाला हात जोडून मोठ्यानं सांगायचं, काय व्हावं आणि काय होऊ नये. दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. संघातली निम्मी मुलं रत्नागिरी-रायगडची, मुसलमान. तीही रिंगणात उभी राहतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असतो.

मी संघाचा चिटणीस. शर्कमधल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो, पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन. संघाची फाईल माझ्याकडे असल्यामुळे तारखा माझ्या पक्क्या लक्षात आहेत.

अकरा एप्रिलच्या शुक्रवारी आमचा प्लेऑफ होता. जिंकलो तर पहिल्या लीगमध्ये राहणार, हरलो तर दुसऱ्या लीगमध्ये जाणार. लवूनं गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या परक्या मुलखात तुझ्या लेकरांनी आज जो खेळ मांडलेलो आसा, तो संपासर तेंका हार बघूक लावू नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

खेळ संपेपर्यंत आम्ही खरंच हरलो नाही. एक-एक अशी बरोबरी झाली आणि मग पेनल्टी आल्या. आमची शेवटची पेनल्टी संघातल्या फैसलनं घेतली. चेंडू उजव्या कोपऱ्यावरून, बारच्या वर हातभर गेला.

बुटांच्या नाड्या सोडता सोडता कप्तान सुदेश लवूला म्हणाला, “लवू, पेनल्टी मागूक इसारलंस!” सगळे हसले. लवू हसला नाही. त्याला ते पटलं होतं.

मग सुदेशच म्हणाला, “दुसऱ्या लीगमध्ये कोण खेळतंय? बंद करूया.” कुणीच विरोध केला नाही.

लीगचा नियम असा की पुढच्या मोसमासाठी किमान अठरा खेळाडूंच्या सह्यांचा फॉर्म आणि प्रत्येकाच्या बताक्याची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, झेरॉक्स पंधरा दिवसांत द्यायची. नाही दिली तर संघाचं नाव काढून टाकतात. शनिवार, सव्वीस एप्रिल ही शेवटची तारीख. तेरा तारखेला लवू कामाच्याच कपड्यांत माझ्या ऑफिसात आला.

“भाऊनू, तो फॉर्म माझ्याकडे द्या.”

“लवू, मुलांनाच खेळायचं नाहीये.”

“हरले म्हणान तसा बोलतत. गाऱ्हाण्यातली चूक माझी, पोरांची न्हय. आणि संघ मोडलो तर शुक्रवारी मी खंय जाव? खोलीत पडान तिघांची तोंडा बघू?”

मी फॉर्म प्लास्टिकच्या कव्हरात घालून दिला आणि दुमडू नकोस म्हणून बजावलं.

कामावरून सुटल्यावर तो रोज बसनं एकेकाकडे जायचा. कुणी दारातूनच नाही म्हणायचा, मग लवू तिथंच पायरीवर बसायचा. सुदेशनं तिसऱ्या दिवशी सही केली. “सही दिली नाही तर हा माझ्या खोलीतच बिऱ्हाड करील,” असं त्यानं मला फोनवर सांगितलं. बावीस तारखेपर्यंत सतरा सह्या झाल्या. राहिला फैसल.

फैसल हवल्लीत आईवडिलांबरोबर राहतो आणि फार्मसीत काम करतो. जन्म इथलाच. लवूबरोबर मीही गेलो. त्याच्या आईनं, फरजानाबाईंनी, चहा ठेवला. वडील जाफरभाई हळूच म्हणाले, “त्या दिवसापासून मैदानाचं नाव काढत नाही. तुम्हीच सांगा काही.”

फैसल खोलीच्या दारातच उभा राहिला. “सॉरी चाचा. आय अ‍ॅम डन. सगळ्यांनी पाहिलंय ना माझ्यामुळे काय झालं ते?”

“तुझ्यामुळे न्हय रे झिला, माझ्यामुळे.”

“प्लीज चाचा.” दार बंद झालं.

मी गाडीनं बसस्टॉपवर सोडलं, तेव्हा लवूनं कव्हरातला फॉर्म बाहेर काढला. मग म्हणाला, “भाऊनू, अठरावा नाव माझा घाला.”

“तुझं? वय काय, बोलतोस काय!”

“वयाची अट आसा काय?”

मी फॉर्मामागचं नियमपत्रक दोनदा वाचलं. अट नव्हती. “कशासाठी म्हणून लिहू?”

“गोलकीपर, राखीव. पन्नास फुटांवर चढान पाइप झेलतंय, बॉल झेलूक काय जाता?”

त्यानं सही केली. लगेच बायकोला, कुसुमला, गावी फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. “आधी कमरेचा पट्टा घ्या इकत!”

एवढ्यावर भागलं असतं. पण लवूनं फैसलला फोन केला. “खेळू नको. फॉर्माचा काम झाला. मी गोलकीपर झालंय, माका शिकूक होया. शुक्रवारी सकाळी फक्त मारूक ये.”

फैसल आला. मला वाटतं, गंमत बघायलाच आला. पंचवीस तारीख, सकाळचे सहा, मैदानावर आम्ही तिघंच. लवू गोलमध्ये उभा, पायात सेफ्टी शूज, हातात कामावरचे चामडी मोजे. पहिल्या वीस चेंडूंपैकी वीस आत गेले. फैसल हसायला लागला. मग ओरडायला लागला, “चाचा, बॉलकडे नाही, माझ्या पायाकडे बघा!” एकविसावा लवूनं पोटावर घेतला आणि तो खालीच बसला.

“चाचा, ओके ना?”

“अडवलो मा?” लवू उठला. “आता सांग. एकवीस मारलंस, सगळे डावीकडे. उजवो कोपरो कित्याक टाळतस?”

फैसल बुटाच्या टोकानं धूळ उकरू लागला.

“थंय मार.”

“नको चाचा.”

“माका दोनूय बाजू शिकाक होयत. मार.”

चेंडू बारवरून गेला, त्या दिवसासारखाच. लवू पार भिंतीपर्यंत चालत जाऊन तो घेऊन आला आणि परत पांढऱ्या खुणेवर ठेवला. “परत.” पुन्हा वरून. पुन्हा लवू चालत गेला. ऊन चढलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता, एक पाय तो जरा ओढत होता. असं सहा वेळा झालं. सातवा चेंडू बारच्या खालून उजव्या कोपऱ्यात गेला. लवूनं उडी मारली होती, चुकीच्या बाजूला.

“परत,” या वेळी फैसल म्हणाला.

आठवाही आत गेला.

फॉर्म माझ्या गाडीच्या बॉनेटवर होता. पाणी प्यायला आलेल्या फैसलनं तो वाचला. “अठरा नंबर, लवू परब. चाचा, सिरियसली?” त्यानं माझ्याकडे पेन मागितलं. फॉर्मवर ओळी अठराच होत्या. मी पट्टीनं खाली एकोणिसावी आखली. त्यानं सही केली आणि पाकिटातून बताका काढून दिला.

“लवू, आता तुझं नाव काढतो,” मी म्हणालो.

“काढू नका. सही केलंय ती केलंय.”

मग त्यानं मोजे काढले, तिथंच धुळीत उभा राहून हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ऑक्टोबरात तुझी लेकरा दुसऱ्या लीगमध्ये खेळ मांडतली. तेंका खेळात, आणि खेळ संपल्यावरच्या पेनल्टीतसुद्धा...”

“एक्स्ट्रा टाइम,” फैसल हळूच म्हणाला.

“...एक्स्ट्रा टाइमातसुद्धा हार बघूक लावू नको, आणि वर्साच्या आत तेंका पहिल्या लीगमध्ये परत नेवन घाल रे म्हाराजा!”

आम्ही दोघंच होतो. जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो.