बैलांच्या बोलीत शिकलेला कुत्रा

आमचे वडील वाशीमच्या कोर्टात शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, खटला हरले आणि त्याच संध्याकाळी घोंगडीत गुंडाळून कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आले. बैलांच्या दमणीतून उतरताना त्यांचा चेहरा असा होता की जणू हायकोर्टानं निकाल फिरवला. कोण्या जंगलखात्याच्या साहेबाची बदली झाली, त्याची मेंढ्या वळणारी विलायती कुत्री मागं राहिली, आणि तिनं एका धनगराच्या कुत्र्याशी संसार थाटला, अशी पिल्लाची वंशावळ त्यांनी सांगितली. एक डोळा निळा, एक तपकिरी. निळ्यानं तो साहेबासारखा हुकूम सोडायचा आणि तपकिरीनं धनगरासारखा आपल्या भाकरीवर लक्ष ठेवायचा.

त्याचं नाव कोणी ठेवलं नाही. नावं मात्र सगळ्यांनी ठेवली.

त्याच्या अंगात इतका दम होता की जिनिंगच्या इंजिनाला बांधला असता तर कापूस आपोआप कारंज्याच्या बाजारात पोचला असता. पहिल्याच आठवड्यात त्यानं वडिलांचा करकरता जोडा खाल्ला आणि बाजेची सुंभं उसवली. पण खरी अडचण निराळीच होती. तो जन्मला मेंढ्या वळायला आणि आमच्या घरी एकही मेंढी नव्हती. मग त्यानं आधी कोंबड्या वळल्या. त्या इतक्या शिस्तीत आल्या की संध्याकाळी कोपऱ्यात उंचीप्रमाणे उभ्या राहत. नंतर बकऱ्या वळल्या, आणि बकऱ्याही संपल्यावर माणसं. अंगणात दोन माणसं लांब लांब उभी असलेली त्याला पाहवतच नसत. माझे दोन चुलते कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका सकाळी दोघंही कडब्याच्या गंजीमागच्या एकाच कोपऱ्यात कोंडलेले सापडले. भाऊबंदकी मिटली असं नाही, पण तुटलेलं भांडण निदान पुन्हा सुरू झालं.

वडिलांचं म्हणणं, कुत्र्याला इंग्रजीच समजते. कोर्टात ऐकून ऐकून त्यांना जेवढी इंग्रजी येत होती तेवढी त्यांनी पिल्लावर खर्च केली. "शिट डौन," म्हणून ते ओरडत, आणि पिल्लू त्यांच्या धोतराचा सोगा धरून त्यांनाच खाली बसवी. आई चुलीपासून न हलता एवढंच म्हणे, "हाड." ते त्याला कळत असे, पण पटत नसे. भिंतीपलीकडे बांगड्यांचं दुकान असलेले चाचा राहत. त्यांनी अदबीनं "तशरीफ रखिये" म्हणून पाहिलं. त्यावर पिल्लानं चाचांनाच त्यांच्या दुकानातून वळून आमच्या अंगणात आणून ठेवलं.

शेवटी हे काम माझ्या थोरल्या बहिणीनं हाती घेतलं.

तिची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. तिला विसावं लागलं होतं, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं ती आमची आजीच. आदल्या वर्षी इंझोरीचं एक स्थळ पाहायला आलं होतं. पोरगा शांत, शेतात राबणारा. दाराआडून तिनं त्याला पाहिलं, त्यानं चहाच्या बशीआडून तिला पाहिलं, आणि दोघांचं ठरलं. ठरत नव्हतं ते पोराच्या बापाचं. तो गृहस्थ तारुण्यात पुण्याला चार महिने राहून आला होता आणि तेव्हापासून शुद्ध बोलत होता. जाताना म्हणाला, "विचार करून कळवतो." वर्षभर तो विचारच करत होता. याहून बरं स्थळ कुठं मिळतं का, हे पाहत दहा गावचा चहा पीत फिरत होता. इकडं बहिणीनं सांगून टाकलं, "करीन त त्यालेच. नाई त राहीन अशीच." त्यानंतर दुसरी स्थळं यायची बंद झाली.

तर रिकामी बसलेली बहीण शेतात जाताना पिल्लू सोबत नेऊ लागली. तिथं त्यानं बैल पाहिले. गडी लांब "होऽ" करी आणि बैल थांबत. पिल्लूही थांबे, खाली बसे आणि बैलांकडं असं पाही की, बघा, मलाही येतं. बहिणीनं ते हेरलं. मग ती स्वतः कोपऱ्यात उभी राही, त्याला वळू देई, आणि "हो" म्हणून बसवी. बसला की दुधात भिजवलेली भाकरी.

परक्या माणसांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, आमच्या वऱ्हाडात होकाराला 'हाव' म्हणतात. 'हो' बैलासाठी. पुण्याकडची दोन माणसं गप्पा मारताना 'हो, हो' करतात तेव्हा आम्हाला वाटतं, एकमेकांचा कासरा ओढून राह्यले. दुसरी, शिक्षणात एक खोट राहून गेली. ज्याला कोंडलं त्याच्याच तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय कुत्रा हलत नसे. शिकला होता तसाच ना तो. चाचांना त्यानं पुन्हा कोंडलं तेव्हा सगळं घर भोवती उभं राहून 'हो, हो' करत होतं. तो ढुंकून पाहीना. चाचांनी स्वतः म्हटलं तेव्हा बसला. वडील म्हणाले, "याले ऐकीव साक्ष चालत नाई. वाशीमच्या मुन्सफापेक्षा शहाना हाय."

कुत्रा पुरा वाढला तोवर इंझोरीहून निरोप आला की पुन्हा एकदा मुलगी पाहायला येतो. पुन्हा एकदा, म्हणजे जणू मधल्या काळात मुलगी बदलली असावी.

आली मंडळी. कुत्र्याला गोठ्यात बांधलं होतं. पोहे झाले, चहा झाला. बहिणीला बोलावलं, बसवलं, तेच प्रश्न विचारले आणि पुन्हा आत पाठवलं. मग व्याही व्हायच्या वाटेवरच अडून बसलेले ते गृहस्थ टोपी नीट करत उठले आणि अंगणात येऊन म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. तथापि, आम्ही विचार करून कळवतो."

आत आईच्या हातातली कढई खाली पडली. गोठ्यात दावं तुटलं की कोणी सोडलं, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. मी कोणत्याच पक्षात नाही, पण दाव्याला गाठ होती आणि गाठ काही आपोआप सुटत नसते.

कुत्रा आला. त्यानं अंगणावर एक नजर टाकली. एवढी माणसं, आणि एक जण कळपातून निघून चालला. त्यानं गृहस्थांना वळायला सुरुवात केली. ते डावीकडं गेले तर डावीकडं, उजवीकडं गेले तर उजवीकडं. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसता पोट जमिनीला लावून निळा डोळा रोखत पुढं सरकायचा. शेवटी गृहस्थ गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून शेणाच्या टोपल्यात उभे राहिले.

"हो म्हना," वडील ओरडले.

गृहस्थांना वाटलं, कुत्रा लावून लग्नाचा होकार घेऊन राह्यले. "हा काय प्रकार आहे? अशा रीतीनं सोयरिकी होत नसतात."

"सोयरिकीचं मंग पाहू. तुमी आंदी हो म्हना."

"मी कळवतो म्हटलं ना."

कुत्रा एक वीत पुढं सरकला. तेवढ्यानं गृहस्थांचं पुणं अंगावरून गळून पडलं. "हाव," ते म्हणाले. "हाव म्हनलं न बाप्पा. आवरा याले."

"हाव नाई चालत," भिंतीवरून चाचा म्हणाले. "हो म्हना."

"हाव अन् हो येकच न?"

"तुमाले येक. त्याले नाई."

"आता कायले छळून राह्यले? हाव, हाव, हाव."

कुत्र्याचं नाक त्यांच्या गुडघ्याला लागलं. गृहस्थांनी डोळे मिटले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा एक लांबलचक 'होऽ' सोडला. कुत्रा जागच्या जागी बसला आणि भाकरीची वाट पाहू लागला.

एव्हाना भिंतीपलीकडे अर्धं गाव जमलं होतं. चाचांनी वळून सगळ्यांना खबर दिली, "हो म्हनलं. लग्न ठरलं."

"म्या कुत्र्याले म्हनलं," गृहस्थ टोपल्यातून म्हणाले.

"कोनालेबी म्हना," चाचा म्हणाले. "आइकलं आमी."

पाहुण्यांत बसलेला पोरगा आता पुढं झाला. त्यानं बापाला हात देऊन टोपल्यातून काढलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि तितक्याच शांतपणे म्हणाला, "म्हनलं त म्हनलं, बाबा. मलेबी हेच म्हनाचं होतं."

गृहस्थ बराच वेळ पाय धूत राहिले. मग वडिलांना म्हणाले, "ठीक आहे. पण हे जनावर आंदणात पाठवायचं नाही."

तेव्हा बहीण बाहेर आली. पाहुण्यांपुढं मुलीनं न विचारता येणं म्हणजे काय, हे आता सांगून कळणार नाही. पाहुण्यांतली एक म्हातारी तर पोहे गिळायची थांबली. बहीण कोणाकडं न पाहता म्हणाली, "आंदनात नाई. तो आजच जाईन. पोरगी पाहाले तुमी दोनदा आले. घर पाहाले आमच्याकडून कोनी जाऊ नाई का? त्याले पाहू द्या. मंग मीबी विचार करून कळवीन."

वडिलांनी तोंड उघडलं, आईनं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी मिटलं. पोरानं खांद्यावरचं उपरणं काढून कुत्र्याच्या गळ्यात बांधलं आणि त्याला दमणीकडं नेलं. गृहस्थ पुढं गाडीवानाजवळ पाय वर घेऊन बसले. धुरळा उडाला आणि कुत्रा गेला. घर एवढं सुनं झालं की कोंबड्या आपल्या आपण रांगेत उभ्या राहिल्या.

काही दिवसांनी चाचा इंझोरीच्या बाजाराला बांगड्या घेऊन गेले आणि परतल्यावर थेट आमच्या भिंतीशी आले. बहीण अंगणातच दाणे पाखडत होती. "कुत्रा मजेत हाय," चाचा म्हणाले. "दिवस निघाचे आंदी सारं घर आंगनात जमा करते. सासू अन् जावा येकाच चुलीपाशी बसून राह्यल्या, भांडाले जागाच नाई. अन् सासरा चहा प्याले दुसऱ्या गावाले निघाला का त्याले वळून घरी आनते."

"अन् ते?" बहिणीनं विचारलं.

"पोरगा? त्याले नाई वळत. दोघंबी संगंच वावरात जाते."

बहिणीनं सूप खाली ठेवलं, दाणे तसेच टाकून भिंतीपाशी आली आणि पदरानं मनगट पुसून हात पुढं केला.

"चुड्याचं माप घ्या, चाचा," ती म्हणाली.