माझ्यासमोर म्हणजे कुठे?

"माझ्यासमोर म्हणजे कुठे?"

पगारपत्रक माझ्याकडे फिरवून, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून आमच्या हेडक्लार्कनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी सरकारी बांधकामाच्या खात्यात नवा कोरा इंजिनीअर होतो. ती ओळ प्रत्येक पत्रकाखाली छापलेलीच असते : 'वरील मजुरी माझ्यासमोर मजुरांना मिळाली.' खाली खात्याच्या माणसाने आणि तपासून हेडक्लार्कने सही करायची, मग कंत्राटदाराचं बिल पुढे सरकतं. मी ती सही डोंबिवलीच्या ऑफिसात, पंख्याखाली, वडापाव खाता खाता केली होती.

"म्हणजे... साइटवर," मी म्हणालो.

"तुम्ही होतात तिथे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग सहीखाली लिहा, ऐकीव."

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्या टेबलाशी गेलं की साधं काम दुप्पट होतं. आम्ही हेडक्लार्कना पाठीमागे 'साक्षीदार' म्हणायचो. कंत्राटदाराचा चहा ते घेत नसत. घरून थर्मास आणत आणि कंत्राटदार आला की त्यालाच त्यातला अर्धा कप देत. देणारा घ्यायला लागला की फार अवघडतो, आणि यांना ते बघायला आवडायचं. खरं सांगतो, तेव्हा मला ते मुळीच आवडत नसत.

कोपरला गटार आणि काँक्रीट रस्त्याचं काम निघालं. कागद अगदी स्वच्छ होते. सरकारी दराने पूर्ण मजुरी प्रत्येकाच्या बँक खात्यात जमा झालेली, सोबत बँकेचा शिक्का मारलेली यादी. मी म्हणालो, "आता तरी झालं ना?"

"बँकेला मिळाली. मजुराला मिळाली का ते बघू," म्हणाले आणि साइटवर जाऊन त्यांनी पासबुकं मागितली.

एकाच बाईने आणून दाखवलं. परभणीकडची, खडी वाहणारी, पन्नाशीची. पगार जमा झाला त्याच दिवशी सगळा काढलेला होता.

"बाई, पैसे तुम्ही काढलेत?"

"म्या कशाला? कार्ड मुकादमाकडं हाय. समद्यांचीच हायेत."

मुकादमाच्या खिशात सगळ्यांच्या कार्डांची रबरबँड लावलेली गड्डी असे आणि प्रत्येक कार्डावर पिन लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. तो मशीनमधून सगळे पैसे काढायचा आणि रोजामागे दोनशे रुपये कापून उरलेले हातावर ठेवायचा. कामावर घेतानाच तसं ठरलेलं असे. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. आम्ही फक्त बघत नव्हतो.

पुढच्या पगाराच्या दिवशी साक्षीदारांनी अर्धी रजा टाकली आणि कोपरच्या एटीएमबाहेर घडीचं स्टूल टाकून बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, शेजारी थर्मास. लोकांना वाटलं नवा वॉचमन. "काका, कॅश आहे का?" असं कुणी विचारलं, तर हे उठून बघून यायचे आणि सांगायचे, "आहे, पण शंभरच्या नोटा नाहीत."

मुकादम आला आणि थबकला.

"काका, इथं काय करताय?"

"बसलोय. तुम्ही काढा ना पैसे. फक्त ज्याचं कार्ड, त्याला आत पाठवा."

"अरे काका, टेन्शन कशाला घेता? लेबर खुश आहे ना!"

"मग लेबरला आत जाऊ द्या."

मुकादम तिथून निघाला तो थेट ठाण्याला, आणि टेंभी नाक्याच्या मशीनमधून त्याने सगळे पैसे काढले. साक्षीदारांनी पत्रकावर सही केली नाही. बिल अडकलं. कंत्राटदाराने जाहीर केलं, बिल नाही तर यापुढे मजुरीही नाही.

महिना उलटला आणि मजूर ऑफिसात आले. चिडले होते, पण कंत्राटदारावर नाही, यांच्यावर. तीच पासबुकवाली बाई पुढे होती. "सायेब, कापून मिळत हुतं, पर मिळत हुतं. तुमच्यापायी चूल बंद झाली. सही करून टाका."

माझाही तोल गेला. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "तुम्ही यांच्या पोटावर पाय देताय!"

त्यांनी बाईला आधी खुर्ची दिली, थर्मासमधला चहा दिला. मग ड्रॉवरमधून तयार टिपण काढलं. कंत्राटदाराने मजुरी थकवली, तर खात्याने ती स्वतः द्यायची आणि त्याच्या बिलातून कापून घ्यायची, असा कायदा आहे. आम्हा सगळ्यांना तो पाठ होता, वापरला कुणीच नव्हता. ते टिपण घेऊन ते स्वतः ठाण्याला बड्या साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. मी सोबत होतो. साहेब कधी समजावत होते, कधी ओरडत होते. हे एकच म्हणत राहिले, "नाही म्हणायचं असेल तर तेवढं लिहून द्या. मी लगेच जातो."

तेवढंच कुणी लिहून देत नाही. साहेबांनी सही केली.

मजुरी पूर्ण जमा झाली. त्याआधी मुकादमाला आणायला लावलेली कार्डांची गड्डी आमच्या टेबलावर सुटली, एकेकाचं नाव पुकारून कार्ड त्याच्या हातात गेलं. नंतर सगळ्यांना बँकेत नेऊन पिन बदलायला लावला. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला आणि माझ्या वडापाववाल्या सहीची लाज वाटली.

महिन्याभरात त्यांची बदली झाली, ठाण्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. आम्ही म्हणालो, अर्ज करा, भांडा. ते म्हणाले, "कशाला? ऑर्डर माझ्यासमोर आलेली आहे," आणि पोच म्हणून सही केली. निवृत्तीला चार महिने उरले असताना ते गेले. हार्टफेल. कंत्राटदाराला मात्र पुढचं टेंडर मिळालं, कोपरचंच.

त्या कामाचं पहिलं पत्रक माझ्या टेबलावर आलं. नवा मुकादम कार्डं मागत फिरतोय हे कानावर होतं. बड्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "तू हुशार आहेस, त्याच्यासारखं करू नकोस." मी हो म्हणालो, अर्धी रजा टाकली आणि पगाराच्या दिवशी कोपरच्या त्याच एटीएमबाहेर जाऊन उभा राहिलो. मुकादम लांबून बघून निघून गेला.

थोड्या वेळाने ती परभणीची बाई आली, मागून आणखी पाचसहा जणी. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"म्हातारे सायेब न्हाय आले?"

"गेले ते, मावशी. वारले."

तिने पदराने डोळे पुसले, मग मुकादम गेला त्या दिशेला बघून रस्त्यावर थुंकली. कंबरेची पिशवी सोडून तिने कार्ड काढलं आणि आत गेली. मी दारातूनच बघत होतो, काही अडलं तर सांगावं म्हणून.

आकडे दाबायला तिने बोट उचललं आणि वळून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सायेब," ती म्हणाली, "तिकडं तोंड करा."