बिनभरतीचं पाणी

घणसोली गावठाणातलं आमचं घर पाडून तिथे टॉवर उठवायचा, हे मी आणि माझ्या भावाने ठरवून टाकलं होतं. घोडं अडलं होतं आईच्या होकारावर. भावाने शक्कल लढवली: आईला लांब फिरायला नेऊ, खूश झाली की हळूच विषय काढू. म्हणून थंडीत आम्ही तिघं राजस्थानात, वाळवंटातल्या एका अवाढव्य धरणाच्या पाण्यावर.

चहूकडे रेती, काटेरी झुडपं आणि मधेच डोळ्यांत न मावणारं पाणी. पावसाळ्यात डोंगराकडची नदी ते भरते, मग पुढच्या पावसापर्यंत ऊन आणि कालवे मिळून पीत राहतात. ओसरलेल्या पाण्याने खडकांवर पांढरा पट्टा सोडलेला. परदेशातून आलेले करकोचे काठावर थव्याने गलका करत होते, पाणकावळे पंख वाळवत होते आणि समोरच्या खडकावर एक मगर जबडा उघडा टाकून ऊन खात होती. संध्याकाळी चिंकारा पाण्यावर येतात म्हणे.

आईचं मगरीकडे लक्षच नव्हतं. आम्ही काठाशी डबे उघडले तशी ती ओरडली, "वर घ्या ते सगलं! भरती आली का जेवान जाईल वाहून!"

तिचं बोट त्या पांढऱ्या पट्ट्याकडे. तिचं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेलं. मिठागरं भराव टाकून बुजवली, तरी पाणी दिसलं की ती आधी भरतीची खूण शोधते. इथे समुद्र नाही हे सांगून आम्ही थकलो. शेवटी भाकऱ्या, सुकट, बाटल्या, सगळं लटांबर घेऊन पट्ट्याच्या वर चढलो. भाऊ धापा टाकत होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

जेवणानंतर नावेतून फिरताना आईने नाववाल्याला विचारलं, "भैया, तुमारा गाव किदर हाय?"

त्याने पाण्यात बोट दाखवलं. "यहीं।"

धरण भरलं तेव्हा गाव बुडालं, माणसं चार दिशांना गेली, असं त्याने सांगितलं. आई वाकून पाण्यात बघत राहिली.

"यांच्या गावावर पानी घातलं," ती म्हणाली, "आपल्या पान्यावर माती. आपलं गाव तेवढं ऱ्हायलंय."

मग आमच्याकडे वळली. "बोला आता. कायतरी बोलाया आनलंय ना मला?"

भावाने माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली.

"काय नाय," तो म्हणाला. "तुला फिरवायलाच आनलंय."